सूप

हैती म्हटलं, नरसव्वाला हत्ती ऐकू आलं.
"कुठल्या देवळाचा?" तिनं विचारलं,
कात्री न थांबवता.

बी.ए.च्या पुस्तकातलं सातवं प्रकरण.
पेपर सोमवारी, हजार विड्या आजच,
म्हणून मी मोठ्यानं वाचते, हात चालू ठेवून.
मराठीत छापलेलं, तेलुगूत आईला,
दखनीत हमीदाबीला.
गुलाम हा एकच शब्द
तिन्ही भाषांत तसाच गेला.

तिकडं ऊस होता. रात्रीही चरक.
बोट अडकलं तर हात तोडायला
चरकाशेजारी कोयता टांगलेला.
आई म्हणाली, "मालकानं ठेवलेला,
का आपल्याच कुणी, मायेनं?"
पुस्तकात ते नव्हतं.

मग शंख फुंकले, ऊस पेटवला,
बारा वर्षं लढले, आणि जिंकले.
इथं पहिल्यांदा सगळ्यांचे हात थांबले.
"जिंकले?" हमीदाबी म्हणाली,
"मग पुढं अजून इतकी पानं कशाला?"

रातपाळीवरून येऊन पडलेले नाना
भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले,
"झेंड्याचं वाच परत."
मालकाच्या झेंड्यातला मधला पांढरा काढला,
निळा नि तांबडा एका बाईनं जोडला, असं सांगतात.
"एकसंध विणलेला नसणार," नाना म्हणाले,
"चादरीतून मधला पट्टा काढ बघू, सगळंच सुटतं.
शिवलेला असणार. शिवण उसवता येते."

एकवीस वर्षांनी मालक परत आले, जहाजांनी.
तोफा किनाऱ्याकडं वळवून म्हणाले,
आमचं नुकसान भरून द्या.
कसलं?
तुमचंच. तुम्ही आमचे होता ना.

"बाकी," नाना उठून बसले.
मागावर उचल घेतली की वहीत बाकी राहते.
माणूस दुसऱ्या कारखान्यात जायच्या आत
बाकी तिथं पोचलेली असते.
पण उचल तरी घेतलेली असते,
बाळंतपणाला, लग्नाला, एखाद्या मयतीला.
ह्यांनी उचललं ते फक्त स्वतःला.

फेडायला कर्ज काढलं, कर्जाला व्याज.
शेवटचा पैसा चुकता झाला
एकोणीसशे सत्तेचाळीसला.
"आपलं साल," नरसव्वा म्हणाली,
आणि दोरा दातानं तोडला.

पुढचं पान मी गाळणार होते.
शेजारच्या देशात ऊस तोडायला गेलेल्यांपुढं
शिपायांनी कोथिंबिरीसारख्या पाल्याची काडी धरली.
हिला काय म्हणतात, म्हणा.
ज्याची जीभ वळली नाही, तो गेला.

तिसरीत बाई मला म्हणायच्या, घर म्हण.
मी म्हणायचे, गर.
घर.
गर.
वर्ग हसायचा. नुसतं हसायचा.
नुसतंच हसायचा.

शेवटी त्यांचा सण. एक जानेवारी.
भोपळ्याचं सूप, जे शिजवायचं त्यांनी
आणि प्यायचं मालकानं.
सुटले त्या दिवशी आधी तेच प्याले म्हणे.
"सूप?" नरसव्वानं मांडीवर पाहिलं,
पानं, तंबाखू, पत्रा, कात्री.
"हे कसं पितात गं?"
हसून हसून आईच्या पन्नास विड्या सैल झाल्या.

सोमवारी सातव्या प्रकरणावर प्रश्न आला नाही.
शनिवारी तपासनिसानं आईच्या विड्यांतून
दोन मुठी छाट म्हणून काढल्या
आणि आपल्या ढिगात सारल्या.
"ही कुठली बाकी?" आईनं विचारलं.
त्याला कळलं नाही.
रांगेत चौघीजणींना कळलं.
त्या पुढं सरकल्या नाहीत, बराच वेळ.

एक तारखेला हमीदाबी भोपळ्याची फोड घेऊन आली.
लसूण, मीठ, वरून शेंगाचटणी,
कारण शेवटी हे सोलापूर.
बाहेर पोरं नंदीध्वज तोलायचा सराव करत होती,
काठी उभी राहायची, कलायची, उभी राहायची.
तीनदा हात धुऊनही
बोटांचा कडवटपणा वाटीत उतरलाच.
आई म्हणाली, मीठ कमी आहे.
नरसव्वानं वाटी चाटून खाली ठेवली,
"आता सांग, त्या हत्तीचं पुढं काय झालं?"

पुस्तक मी परत करून आले होते.